वावरातून मंत्रालयात : भाऊसाहेब फुंडकर



मध्यंतरी खामगाव गटातल्या एका गावी आम्ही बेणे निवडीची बैठक घेतली. बैठक बेण्याची, पण आपल्याकडे नेहमी होते तसेच झाले आणि बोलणे पाण्यावर गेले. मागच्या बाजूला पारावर बसलेले एक वयस्क सभासद उठून म्हणाले, "साहेब, बेन्याचं तुम्ही सांगतलं ते बराबर हाय. पन पान्याचं काय? आपल्यातला एखांदा कास्तकार मंत्री झाल्याबिगर ह्या वावरात पानी येत नाई." त्यावर शेजारचे गडी लगेच बोलले, "झालते ना! आपले भाऊसाहेब कृषिमंत्री झालते. मंग?"

बैठक हसली आणि आम्हीही हसलो. पण तो 'मंग?' परतीच्या वाटेवर आमच्या डोक्यातून जाईना. प्रश्न साधा आहे. आपल्यातलाच एक माणूस राज्याच्या कृषिखात्याच्या खुर्चीवर बसला. त्याने काय केले, काय त्याच्या हातून झाले नाही, आणि त्यातले आपल्या बांधापर्यंत काय पोहोचले? ह्याचा हिशेब सभासदांपुढे मांडावा म्हणून हा लेख. आपल्या कारखान्यात सर्व पक्षांचे सभासद आहेत. तेव्हा कोणत्याही पक्षाची बाजू घेण्याचा येथे विचार नाही. एका कास्तकाराच्या सार्वजनिक आयुष्याकडे कास्तकाराच्याच नजरेने पाहावे, एवढाच हेतू आहे.

नांगर आणि राजकारण

शेतीतून राजकारणात गेलेली माणसे विदर्भाला नवीन नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचे डॉ. पंजाबराव देशमुख परदेशात शिकले, बॅरिस्टर झाले, पण परत येऊन शेतकऱ्यांचा संघ बांधला आणि १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रात कृषिखाते सांभाळले. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ एवढा दीर्घ काळ राज्याचे मुख्यमंत्री राहिले. संकरित ज्वारीचा प्रसार आणि रोजगार हमीची सुरुवात त्यांच्याच कारकिर्दीतली. त्यांचा जन्मदिवस १ जुलै आपण कृषी दिन म्हणून पाळतो.

ही रीत फक्त आपल्याकडचीच आहे असेही नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात आपल्यासारखाच ऊस पिकतो. तेथल्या इंगहॅम गावी १८९४ साली जन्मलेले आर्थर फॅडन शाळा सोडून ऊसतोड टोळीत चहापाणी करणारा पोऱ्या म्हणून लागले. पुढे साखर कारखान्यात कारकुनी केली, हिशेबतपासनीस झाले, राजकारणात आले आणि १९४१ साली चाळीस दिवस देशाचे पंतप्रधान झाले. जॉन मॅकएवन हे दुसरे. व्हिक्टोरिया प्रांतात स्टॅनहोप येथे दुभत्या गाई पाळणारा हा शेतकरी देशाचा व्यापारमंत्री झाला आणि १९६७ च्या डिसेंबरात पंतप्रधान बुडून मरण पावल्यावर तेवीस दिवस पंतप्रधान राहिला. चाळीस दिवस आणि तेवीस दिवस! खुर्ची किती दिवस टिकते हे शेतकऱ्याच्या हाती नसते. मिळालेल्या दिवसांत काय पेरले, तेवढेच पुढे उगवते.

नारखेड ते मुंबई

पांडुरंग पुंडलिक फुंडकर यांचा जन्म २१ ऑगस्ट १९५० रोजी नांदुरा तालुक्यातल्या नारखेड येथे झाला. घर शेतकऱ्याचे. हा सगळा पट्टा पूर्णेच्या खोऱ्यातला. जमीन काळी आणि भारी, पण अमरावती, अकोला आणि बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा जवळच. विहिरीला पाणी लागले तरी ते गोडे लागेल याचा भरवसा नाही. नदी आहे, जमीन आहे, अन् तरी वावर आभाळाकडे तोंड करून बसलेले. अशा भागात वाढलेल्या माणसाला पाण्याची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही.

गावातले लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. १९७८ च्या निवडणुकीत जनता पक्षातर्फे ते खामगावमधून विधानसभेवर निवडून गेले. तेव्हा वय अवघे अठ्ठाविसावे चालू होते. १९८० साली भारतीय जनता पक्ष नव्याने स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्या पक्षाचे उमेदवार म्हणून खामगावने त्यांना पुन्हा निवडून दिले. पक्ष नवा, विदर्भात काँग्रेसचा जोर मोठा, अशा दिवसांतली ही निवडणूक होती.

पुढे अकोला मतदारसंघातून १९८९, १९९१ आणि १९९६ अशा लागोपाठ तीन वेळा ते लोकसभेवर गेले. १९९८ साली त्याच अकोल्यात प्रकाश आंबेडकर निवडून आले. त्यानंतर भाऊसाहेबांनी पक्षाचे प्रदेशाध्यक्षपद सांभाळले, विधान परिषदेत गेले आणि २००५ पासून २०११ पर्यंत त्या सभागृहात विरोधी पक्षनेते होते. कापसाचा भाव, कर्ज, वीज आणि सिंचनाचा अनुशेष हे त्यांचे कायमचे विषय. खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. कापसाच्या गाड्यांमागे चालत मोठा झालेला माणूस भावावर बोलतो तेव्हा त्याला कागद पाहावा लागत नाही.

८ जुलै २०१६ रोजी ते मंत्रिमंडळात आले आणि कृषिखाते त्यांच्याकडे गेले. पहिल्यांदा आमदार झाल्यापासून हे घडायला अडतीस वर्षे लागली. इतकी वर्षे ज्या खात्याला जाब विचारला, ते खातेच आता हाती आले. विचारणाऱ्याला उत्तर देणारा व्हावे लागले.

खुर्चीवरची दोन वर्षे

ही दोन वर्षे सोपी नव्हती. १ जून २०१७ रोजी नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्यापासून उठलेला शेतकरी संप राज्यभर पसरला. दूध रस्त्यावर ओतले गेले, भाजीच्या गाड्या अडल्या. आंदोलकांशी बोलणी करण्यासाठी नेमलेल्या मंत्रिगटात भाऊसाहेब होते. त्यानंतर २४ जून २०१७ रोजी दीड लाख रुपयांपर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. आकडा ३४,०२२ कोटी रुपयांचा होता. मात्र अर्ज संगणकावर भरायचा होता. आपल्यापैकी किती जणांनी अंगठा उमटत नाही म्हणून केंद्रावर दिवस घालवले, ते आम्ही सांगायला नको.

त्याच वर्षी यवतमाळ भागात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. कृषिखात्याच्या कारभारावर कडक टीका झाली आणि ती होणे योग्यच होते. औषध कोणते, कशात मिसळायचे, तोंडाला काय बांधायचे हे सांगणारी यंत्रणा गावात पोहोचली नव्हती, ही गोष्ट नाकारून चालणार नाही. आम्हीही शेतकी खात्यातलेच आहोत, त्यामुळे त्या टीकेतला काही भाग आमच्याही वाट्याचा आहे असे आम्ही समजतो.

लगोलग गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी खाल्ली. डिसेंबर २०१७ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात कृषिमंत्री म्हणून भाऊसाहेबांनी मदत जाहीर केली. कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये आणि बागायतीला ३७,५०० रुपये. आकडा ऐकून गावोगाव समाधान वाटले. पण त्याची फोड पाहा. कोरडवाहूच्या ३०,८०० पैकी ६,८०० रुपये आपत्ती निधीतून, ८,००० रुपये पीक विम्यातून आणि १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून यायचे होते. म्हणजे अर्ध्याहून अधिक रक्कम ज्यांच्या खिशातून काढायची, ते सरकारच्या हाताखालचे नव्हते. कंपन्यांनी ती जबाबदारी मानली नाही आणि तो भाग वादात अडकला. विम्याचा भाग ज्याने विमा काढला त्यालाच.

येथे त्या 'मंग?' चे अर्धे उत्तर आहे. मंत्र्याच्या तोंडून निघालेला आकडा आणि कास्तकाराच्या पासबुकात पडलेला आकडा ह्यांच्या मध्ये चार दारे असतात. मंत्री आपला असला तरी चारही दारांच्या किल्ल्या त्याच्या कमरेला नसतात. आपण मात्र पहिल्या दारावरच हार घालून परत येतो आणि पुढची दारे उघडी आहेत का, हे पाहायला जात नाही.

उसासाठी झालेला निर्णय

आता आपल्या पिकाकडे येऊ. भाऊसाहेब कृषिमंत्री असतानाच, १८ जुलै २०१७ रोजी राज्य मंत्रिमंडळाने उसाला टप्प्याटप्प्याने ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. त्यावेळी सरकारने दिलेल्या आकड्यांप्रमाणे राज्यात उसाखाली ९.४२ लाख हेक्टर क्षेत्र होते आणि त्यातले २.२५ लाख हेक्टरच ठिबकवर होते. म्हणजे चार भागांतला एक भागही नाही.

निर्णयातली कर्जाची मांडणी सभासदांनी लक्षात घेण्यासारखी आहे. हेक्टरी ८५,४०० रुपयांपर्यंत कर्ज, व्याज सव्वासात टक्के. त्यातले ४ टक्के शासनाने, सव्वा टक्का साखर कारखान्याने आणि फक्त २ टक्के शेतकऱ्याने भरायचे. हिशेब करा. हेक्टरी ८५,४०० वर २ टक्के म्हणजे वर्षाला १,७०८ रुपये. एकराला सातशे रुपयांच्या आतच.

एवढे असून ठिबक का पसरले नाही? कागदपत्रांचा त्रास, बँकेच्या चकरा, कालव्याचे पाणी पाळीने येणार आणि ठिबकाला तर रोज थोडे थोडे पाणी हवे, ही सगळी कारणे खरी आहेत. पण एक कारण आपल्या मनातले आहे, तेही मांडले पाहिजे. एका सभासदांनी आम्हाला धुऱ्यावर उभे करून विचारले, "साहेब, नळीतून टपटप पडते त्यानं ऊस काय पेनार? पानी कसं दिसलं पाह्यजे वावरात!"

पाणी दिसले पाहिजे, ही आपली सवय. एका पाळीला आठ सेंटिमीटर पाणी दिले तर एकरी सव्वातीन लाख लिटरच्या घरात पाणी जाते. त्यातले किती मुळाने घेतले? बरेचसे खाली जिरते, बरेचसे उन्हाने उडते आणि सोबत घातलेला युरियाही खाली घेऊन जाते. ठिबकाने चाळीस ते पन्नास टक्के पाणी वाचते, हे शास्त्रज्ञ कितीतरी वर्षे सांगत आहेत. एका एकराच्या पाण्यात दीड एकर भिजतो, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

आपल्या भागाला यात दुसरा आणि मोठा धोका आहे, तो म्हणजे क्षारांचा. काळी भारी जमीन, निचरा कमी, त्यात मचूळ पाणी मोकाट दिले की पाच-सात वर्षांत वावर पांढरे पडू लागते. सांगली-कोल्हापूरकडे नदीकाठच्या उत्तम जमिनी अशाच पाण्याने चोपण आणि खारवट झाल्या. तिकडे तर पाणी गोड होते! आपण त्यांच्या चुकीवरून शहाणे होणार की स्वतःच्या चुकीवरून, एवढाच प्रश्न आहे. नांदुरा तालुक्यात पूर्णेवरचा जिगाव प्रकल्प कित्येक वर्षे रेंगाळत आला. त्याचे पाणी उद्या शेताशी आले आणि आपण ते मोकाट सोडले, तर येणारे पाणीच जमिनीचा घात करील.

आमच्या अनुभवाच्या गोष्टी

ज्यांना ठिबकावर ऊस लावायचा आहे त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, नळ्या घेण्याआधी माती आणि पाणी दोन्ही तपासून घ्या. पाण्यात क्षार किती हे कळल्याशिवाय पुढचे नियोजन करता येत नाही. क्षाराकडे झुकलेल्या जमिनीत फुले २६५ ही जात तग धरते. चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत को ८६०३२ उत्तम.

दुसरी, सरी पाच फुटांवर पाडा. तीन फुटांच्या जुन्या सरीवर ठिबक टाकले तर नळीचा खर्च वाढतो आणि उसाला हवा-ऊन मिळत नाही. नांग्या महिन्या-दीड महिन्याच्या आत भरा. तोडणीच्या वेळी एकरी चाळीस हजार ऊस उभे राहिले पाहिजेत, हे गणित बेणे टाकतानाच डोक्यात असावे.

तिसरी, गाळणी नियमित धुवा आणि नळ्यांची टोके उघडून घाण बाहेर काढा. क्षारांनी छिद्रे बुजली तर आम्ल प्रक्रिया करावी लागते. ती गटातल्या कृषी सहायकाला सोबत घेऊनच करावी, अंदाजाने करू नये.

चौथी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ठिबकाने क्षार मुळांपासून दूर, ओल्या भागाच्या कडेला ढकलले जातात. मृगाचा पहिला हलका पाऊस पडला की आपण आनंदाने मोटर बंद करतो. नेमके तेव्हाच कडेचे क्षार पावसाबरोबर परत मुळांत उतरतात आणि ऊस पिवळा पडतो. म्हणून खारवट वावरात पहिल्या हलक्या सरींच्या वेळी ठिबक चालू ठेवावे. चांगला मोठा पाऊस होऊन क्षार खाली धुऊन गेले की मग बंद करावे.

जिवंत झाडाची अट

३१ मे २०१८ रोजी पहाटे मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने भाऊसाहेबांचे निधन झाले. वय ६७. कृषिखात्यात त्यांना दोन वर्षेही पुरी मिळाली नाहीत. पेरणीच्या तोंडावर, मृगाच्या आधी, खामगावने आपल्या माणसाला निरोप दिला.

त्याच वर्षी राज्य शासनाने त्यांच्या नावाने फळबाग लागवड योजना सुरू केली. रोजगार हमीच्या फळबाग योजनेत जे शेतकरी बसत नाहीत, त्यांच्यासाठी ती आहे. कोकण सोडून इतर भागात अर्ध्या एकरापासून, म्हणजे ०.२० हेक्टरपासून, सहा हेक्टरपर्यंत लागवड करता येते, अशी तिची आखणी होती. अनुदान तीन वर्षांत मिळायचे, पन्नास, तीस आणि वीस टक्के अशा हप्त्यांनी. मात्र दुसऱ्या वर्षी ८० टक्के आणि तिसऱ्या वर्षी ९० टक्के झाडे जिवंत असली तरच पुढचा हप्ता.

आम्हाला ही अट फार आवडली. पैसा खड्ड्याला नाही, झाडाला. नुसती लागवड करून फोटो काढला की काम संपत नाही, ते झाड तिसऱ्या वर्षीही उभे असले पाहिजे. शासनाच्या योजनेचा, पुढाऱ्याच्या भाषणाचा आणि आमच्यासारख्या अधिकाऱ्याच्या बैठकीचा हिशेब जर ह्याच मापाने घेतला, की तीन वर्षांनी वावरात जिवंत काय उरले, तर पुष्कळ गोष्टी सुधारतील. भाऊसाहेबांच्या स्वतःच्या कारकिर्दीलाही तेच माप लावावे. कर्जमाफी आली आणि गेली. बोंडअळीची मदत कोणाला पोहोचली, कोणाला पोहोचली नाही. पण उसाला पाणी मोजून द्यावे हा निर्णय आणि जिवंत झाडाला पैसा हा नियम, ही दोन रोपे धरण्यासारखी आहेत. ती जगवणे मात्र त्यांच्या हाती राहिलेले नाही.

तेव्हा त्या दोन्ही सभासदांना आमचे उत्तर असे. आपल्यातला माणूस मंत्री व्हावा, जरूर व्हावा. त्याला आपल्या वावराची ठणक कळते, आणि मुंबईत बसून ती कळणारी माणसे थोडी आहेत. पण मंत्री धरण बांधू शकतो, कर्जाचे व्याज कमी करू शकतो, नियम करू शकतो. तुमच्या सरीत किती पाणी सोडायचे, ती चावी तुमच्याच हातात असते. ती फिरवायला मंत्रालयातून कोणी येणार नाही.

बैठकीत 'मंग?' विचारणारे गडी परवा गट कार्यालयात आले होते. माती तपासणीसाठी पिशवी घेऊन. आम्ही काही विचारण्याआधी तेच म्हणाले, "एक एकर करून पाहातो साहेब, टपटपवालं. नाई जमलं तं तुम्हाले धरीन." जरूर धरावे. आम्ही त्यासाठीच नेमलेलो आहोत. ज्यांना माती-पाणी तपासून घ्यायचे असेल त्यांनी पुढच्या लागवडीआधी आपापल्या गट कार्यालयात नमुना आणून द्यावा आणि पिशवीवर गट नंबर लिहायला विसरू नये.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग